वाचकांचे प्रश्न : उजनीचे पाणी, साखरेची पोती, तुरीची आयात

मागच्या अंकातल्या साखर निर्यातीच्या टिपणात ‘साखरेबरोबर भीमेचे पाणीही बाहेर जाते’ असे एक वाक्य होते. त्यावर सोलापूर, सांगली, पुणे आणि सीमेपलीकडच्या कलबुर्गी जिल्ह्यातून पत्रे आली. काही रागावलेली होती, आणि राग अगदीच अस्थानी नव्हता. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत. आकडे गोल केले आहेत. कुठे काय गृहीत धरले तेही सांगितले आहे, म्हणजे आपापले आकडे घालून हिशेब ताडून बघता येईल.

प्रश्न : साखर कोरडी असते. पोत्यात पाणी नाही, मग पाण्याची निर्यात कसली? उगाच ऊसवाल्याला झोडपायचे का? (पंढरपूर तालुका)

ऊसवाल्याला झोडपायचे नाही, हिशेब मांडायचा आहे. पीक वाढताना पानांतून आणि जमिनीतून जे पाणी हवेत उडून जाते ते त्या खोऱ्याला त्या वर्षापुरते गेलेच. त्या पाण्यावर तयार झालेला माल जिथे खाल्ला जातो तिथे ते पाणी ‘वापरले’ असे धरतात. याला आभासी पाणी म्हणतात. टोनी अॅलन या ब्रिटिश भूगोलतज्ज्ञाने १९९० च्या दशकात हा शब्द रूढ केला. पश्चिम आशियातले कोरडे देश धान्य आयात करून नद्यांवरचा ताण कसा टाळतात हे त्याला समजावून घ्यायचे होते.

आता आपला हिशेब. सोलापूर भागात बारामाही उसाला पाऊस धरून हेक्टरी निदान २०० हेक्टर-सेंटीमीटर पाणी लागते, म्हणजे २०,००० घनमीटर. पावसाळ्यात लावून सोळा-अठरा महिन्यांनी तुटणाऱ्या आडसाली उसाला याहून बरेच जास्त. त्यातले ४० सेंटीमीटर उपयोगी पावसाचे धरा. उरले १६,००० घनमीटर, ते धरणातून किंवा विहिरीतून आले. हेक्टरी ८० टन ऊस आणि ११ टक्के उतारा (उसाच्या वजनात मिळणारी साखर) धरला तर साखर झाली ८.८ टन. भागाकार केला की किलोला सुमारे १,८०० लिटर येतात. पण उसातून फक्त साखर निघत नाही. मळी आणि बगॅस (उसाचा चोथा) यांचीही किंमत होते, म्हणून पाण्याचा पाचवा-सहावा हिस्सा त्यांच्या नावावर टाका. साखरेच्या वाट्याला किलोमागे ढोबळमानाने १,५०० लिटर राहतात.

१० लाख टन साखरेला या दराने १५० कोटी घनमीटर, म्हणजे ५३ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी लागते. भीमेवरच्या उजनी धरणाचा उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी आहे. जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने साऱ्या देशाला मिळून १० लाख टनांच्याच निर्यातीची परवानगी दिली होती. त्याआधी २०२१-२२ च्या हंगामात देशातून ११० लाख टनांच्या आसपास साखर बाहेर गेली. ती सगळी भीमेकाठची नव्हती हे उघड आहे, पण बंदरे जवळ असल्यामुळे निर्यातीचा मोठा भार महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या कारखान्यांवरच असतो.

अजून एक तुलना. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने कृष्णेचे पाणी नेले. पुढे पुढे पन्नास वाघिणींची गाडी एका खेपेला २५ लाख लिटर नेत असे. तेवढ्या पाण्यात वरच्या हिशेबाने साखरेची पन्नास किलोची ३३ पोती होतात. एका ट्रकमध्ये याहून कितीतरी जास्त पोती बसतात.

या हिशेबातली कच्ची जागाही सांगतो. कोल्हापूरकडे पाऊस जास्त, त्यामुळे तिथे धरणाचे पाणी कमी लागते. उलट कालव्याच्या टोकाला असलेल्या शेताला एक घनमीटर पोचवायला धरणातून दीड-दोन घनमीटर सोडावे लागतात. त्यामुळे १,५०० हा आकडा दगडावरची रेघ समजू नका.

प्रश्न : आमच्याकडे मार्च उजाडला की भीमेत वाळू दिसते. हे वरच्या उसामुळे की पाऊस कमी म्हणून? आणि लवादाने वाटप करून दिले असताना असे होतेच कसे? (कलबुर्गी जिल्ह्यातील मराठी वाचक)

दोन्हीमुळे. पण कारण नेमके कुठे आहे ते बघण्यासारखे आहे.

भीमा ही कृष्णेची उपनदी, आणि कृष्णेचे पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाचा अंतिम निवाडा १९७६ चा. कृष्णा खोऱ्यात चारपैकी तीन वर्षे तरी मिळेल असे पाणी २,०६० टीएमसी धरून महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि तेव्हाच्या आंध्रला ८०० टीएमसी मिळाले. शेतातून झिरपून नदीत परत येणारे पाणी मिळवल्यावर हे आकडे ५८५, ७३४ आणि ८११ झाले. ब्रिजेशकुमार लवादाने २०१० मध्ये आणि मग २०१३ मध्ये नवे वाटप सांगितले, पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयात अडकले आणि ते राजपत्रात आले नाही. म्हणून व्यवहार जुन्या आकड्यांवर चालतो.

हे सारे आकडे वर्षाचे आहेत. राज्याने वर्षात किती वापरले ते लवाद मोजतो, चैत्रात नदीत किती राहिले ते मोजत नाही. श्रावण-भाद्रपदात पूर आला की खालच्या राज्याचा वर्षाचा हिस्सा कागदावर पोचतो आणि समुद्राकडे निघूनही जातो. उसाची तहान मात्र मार्च ते मे सर्वांत मोठी असते. तूर पौषात काढून झालेली असते, रब्बी ज्वारी फाल्गुनात खळ्यावर येते, कांदाही निघत आलेला असतो. नदीला नवे पाणी नसते त्याच तीन महिन्यांत शेतात उभे असलेले मोठे पीक म्हणजे ऊस.

उजनी एकूण ११७ टीएमसीची, पण त्यातले ६३ टीएमसीहून अधिक पाणी मृतसाठा आहे. कालव्याच्या दरवाजांखाली असल्याने ते आपोआप सुटत नाही. ‘उजनी उणे’ असे वर्तमानपत्रात येते तेव्हा हा मृतसाठा उपसला जात असतो. २०२४ च्या जूनमध्ये धरण उणे ६० टक्क्यांजवळ गेले होते, म्हणजे मृतसाठ्यातले ३२ टीएमसी कमी झाले होते. इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जतच्या फुगवट्याच्या काठचे पंप तेव्हाही पाणी उचलू शकतात, धरणाखालच्यांना ते कालव्यातून मिळत नाही. सोलापूर शहरासाठी नदीतून पाणी सोडले की ते औज बंधाऱ्यापर्यंत पोचायला पात्र भिजवत जाते. वाटेत मोटारी लागतात आणि बंधाऱ्यांचे बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातलेले असतात. त्याच्याही खाली तुम्ही.

आता वरच्यांच्या बाजूने एक शब्द. पाणी पोत्यातून घालवण्यात खालची राज्ये मागे नाहीत. तुंगभद्रेच्या डाव्या कालव्यावर मूळ आराखड्यात कमी पाण्याची पिके होती. वरच्या टोकाला भात पसरला आणि रायचूरकडचे शेपूट कोरडे राहिले. कृष्णेच्या त्रिभुज प्रदेशातला भातही बाजारभाव बघूनच पिकतो, आणि भारत जगातला सर्वांत मोठा तांदूळ निर्यातदार आहे.

प्रश्न : मग साखरेची निर्यात कायमची बंद करा. पाणी वाचेल. (पुणे)

वाचणार नाही. निदान एवढ्याने तरी नाही.

जुलै २०२२ मध्ये लावलेला आडसाली ऊस कारखान्यात गेला तो २०२३ च्या दिवाळीनंतर. मध्यंतरी निर्यात थांबली आणि २०२३-२४ च्या हंगामात परवानगीच मिळाली नाही. उसाला ते कसे कळणार? तो पाणी पीत राहिला. तोडणीनंतर त्याच मुळांवर खोडवा येतो, म्हणजे एका लागणीने दोन-तीन हंगामांचे पाणी अडकवून ठेवलेले असते. व्यापाराचे आदेश महिन्याच्या मुदतीने निघतात, उसाचा निर्णय तीन वर्षांचा असतो. ही दोन घड्याळे कधी जुळत नाहीत.

दुसरे, बाहेर न गेलेल्या साखरेला इथेनॉलची वाट आहे. थेट रसापासून टनाला साधारण ७० लिटर इथेनॉल निघते. वरच्याच हिशेबाने एक टन ऊस पावसाखेरीज दोन लाख लिटर पाणी घेतो, म्हणजे लिटरभर इथेनॉलमागे २,८०० लिटरहून अधिक पाणी. हे आपण निर्यात करत नाही, त्याने खनिज तेलाची आयात कमी करतो. उजनीला त्यातला फरक कळत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन आणले ते देशात साखर कमी पडू नये म्हणून. पाण्याचा विचार त्यात नव्हता.

तिसरे कारण आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते, ते म्हणजे बाकीच्या पिकांचे काय होते. कांदा बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरमध्ये पूर्ण बंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठली पण टनाला ५५० डॉलर किमान दर आणि शुल्क कायम, आणि शुल्क शून्यावर आले ते १ एप्रिल २०२५ ला. चार महिन्यांचे पीक घेणाऱ्याला विकताना कोणता नियम असेल ते लावताना माहीत नसते. उसाला एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा किमान दर, आहे (२०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये) आणि १४ दिवसांत पैसे देण्याचा कायदाही आहे. पैसे थकतात हे मान्य, पण ऊस रस्त्यावर ओतून द्यावा लागत नाही. कांद्यावरची प्रत्येक बंदी म्हणजे उसाची जाहिरात असते. कमी पाण्याच्या पिकाची निर्यात बेभरवशाची केली की नदीचे पाणी आपोआप उसाकडे सरकते.

प्रश्न : आपण मोझांबिक, टांझानिया, म्यानमारहून तूर आणतो. म्हणजे त्यांचे पाणी आपल्याला मिळाले. हा तर फायदा झाला ना? (बार्शी)

कुठले पाणी मिळाले ते विचारा. जमिनीत मुरलेल्या पावसावर वाढणाऱ्या पिकाचे पाणी वेगळे आणि धरण-विहिरीतून आणलेले वेगळे. अभ्यासक पहिल्याला हिरवे आणि दुसऱ्याला निळे म्हणतात. बार्शी, अक्कलकोट, आळंद, कलबुर्गीची तूर काळ्या रानात बहुतेक हिरव्या पाण्यावर येते. ती नाही लावली तर तो पाऊस उजनीत जाऊन साठत नाही, तणावर किंवा दुसऱ्या पिकावर खर्च होतो. म्हणून तूर आयात करून भीमेचे पाणी जवळजवळ काहीच वाचत नाही. आणि उसाच्या साखरेतून जाते ते निळे. आपण निळे पाणी बाहेर पाठवतो आणि हिरवे आत आणतो. खोऱ्याच्या दृष्टीने हा उलटा सौदा आहे.

तूर लावणारा काय बघतो? २०२५-२६ ची तुरीची हमी किंमत क्विंटलला ८,००० रुपये. पण शुल्कमुक्त आयात चालू असताना बाजार त्याखाली राहतो आणि सरकारी खरेदी सगळ्यांपर्यंत पोचत नाही. ७,००० भाव धरू. फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना पाण्याच्या ७५ मिलिमीटरच्या दोन पाळ्या दिल्या, तर एकरी ६ लाख लिटर पाण्यात चारचे साडेसहा क्विंटल होऊ शकतात. वाढलेल्या अडीच क्विंटलचे १७,५०० रुपये झाले, म्हणजे हजार लिटर पाण्याला २९ रुपये. उसाला एकरी ६५ लाख लिटर, ३२ टन उत्पन्न आणि तोडणी-वाहतूक जाऊन टनाला ३,००० रुपये धरले तर ९६,००० होतात. हजार लिटरला १५ रुपये.

पाण्याचा हिशेब केला तर तूर जिंकते. एकराचा केला तर साडेसहा क्विंटल तुरीचे ४५,५०० विरुद्ध उसाचे ९६,०००, इथे ऊस जिंकतो. दोन्हीकडे लागवडीचा खर्च वजा केलेला नाही. शेतकऱ्याकडे एकर मोजून असतात. पाणी मात्र, ज्याच्या शेतापर्यंत चारी पोचली त्याला, मोजून मिळत नाही. कालव्याची आकारणी बहुतेक ठिकाणी पीक आणि क्षेत्र बघून होते, लिटर बघून नाही. त्याने उसाचा निर्णय घेतला तर त्याच्या जागी बसून बघता तो बरोबरच आहे. चुकते ते भाव, शुल्क आणि पाणीपट्टी ठरवणाऱ्यांचे.

प्रश्न : निर्यातीची द्राक्षे आणि डाळिंबे यांनाही हाच न्याय लावणार का? (तासगाव)

न्याय तोच, निकाल वेगळा. ठिबकवरच्या द्राक्षाला हेक्टरी ५० ते ७० लाख लिटर पाणी आणि २० ते २५ टन माल धरला तर किलोला अडीचशे-तीनशे लिटर येतात, आणि किलोचे पैसे साखरेहून कितीतरी जास्त. पण बाग वर्षभर उभी असते, दुष्काळात एक वर्ष पडीक ठेवता येत नाही. म्हणून टँकरने पाणी विकत घालावे लागते. शिवाय परदेशी बाजार नियमाच्या एका ओळीवर बंद होतो. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ-नियंत्रकाचे अंश सापडल्यावर युरोपने आपली द्राक्षे अडवली होती. पाणी कमी, जोखीम जास्त, असा हा माल आहे.

प्रश्न : कोयनेचे ६७.५ टीएमसी वीज करून अरबी समुद्रात जाते. त्याच्यापुढे साखर किस झाड की पत्ती? (कराड)

बरोबर आठवण केलीत. टाटांच्या धरणांचे चाळीसेक टीएमसी त्यात मिळवा, ते तर भीमेच्याच वरच्या अंगाचे. हे पाणी खोऱ्याबाहेर जाते आणि लवादाच्या हिशेबात ते महाराष्ट्राच्याच वाट्यातून वजा आहे. दोन्ही गळत्या खऱ्या आहेत, एकीने दुसरी माफ होत नाही.

प्रश्न : सगळा ऊस ठिबकवर घेतला की प्रश्न मिटला ना? (माळशिरस)

शेतापुरता बराचसा मिटतो. नदीपुरता किती मिटेल ते वाचलेल्या पाण्याचे तुम्ही काय करता यावर आहे. ठिबकने पाळीचे पाणी ४० टक्क्यांपर्यंत कमी होते. त्यातले बरेचसे पूर्वी खाली झिरपून ओढ्यात, विहिरीत, खालच्या बंधाऱ्यात येत असे. लवादाने महाराष्ट्राच्या वाट्यात धरलेले परतीचे २५ टीएमसी ते याच जातीचे. आता वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस लावला तर हवेत उडून जाणारे पाणी वाढते आणि परत येणारे घटते. शेतकरी सुधारला, नदी मात्र आणखी आटली, असे होऊ शकते.

शिरोळ-वाळव्याच्या क्षारपड पट्ट्यात मात्र ठिबक डोळे मिटून करावे. तिथे जास्तीचे पाणी नदीत नीट परत न जाता जमिनीतच मीठ वर आणते. बारमाही पिकांना सूक्ष्म सिंचनाची सक्ती करण्याची तरतूद २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात आहे, आणि २०१७ मध्ये राज्य सरकारने काही प्रकल्पांवर उसासाठी तसा निर्णयही घेतला. सक्तीबरोबर क्षेत्राची मर्यादा नसेल तर पाण्याचा उपयोग तेवढा चोख होतो, नदीत ते दिसत नाही.

प्रश्न : माझ्या शेतातली साखर किलोला किती पाणी घेते ते मला काढायचे आहे. मीटर नाही. कसे काढू? (मोहोळ)

दोनशे लिटरचे पिंप, घड्याळ आणि वही एवढे पुरते.

आधी पिंप तपासा. काठोकाठ भरले तर त्यात दोनशेहून जास्त पाणी मावते. मापाच्या बादलीने बरोबर २०० लिटर ओता आणि त्या पातळीला रंगाची खूण करा. मग पाइपाचे तोंड पिंपात धरून खुणेपर्यंत भरायला लागणारे सेकंद मोजा. तीनदा मोजून सरासरी घ्या. २५ सेकंद लागले तर सेकंदाला ८ लिटर, तासाला २८,८०० लिटर.

एकरावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे ४,०४७ लिटर. ७५ मिलिमीटरची पाळी म्हणजे तीन लाख लिटर, या पंपाने साडेदहा तास. रात्रीची वीज आहे म्हणून पंप सोळा तास चालू राहिला तर एकरात ११४ मिलिमीटर पडतात. ७५ च्या वरचे पाणी युरिया घेऊन मुळांखाली जाते. पाळ्यांची तारीख आणि तास वहीत लिहा. वर्षाचे एकूण लिटर काढा. एकरी आलेल्या ऊसाचे किलो गुणिले कारखान्याचा जाहीर उतारा म्हणजे साखरेचे किलो. एकूण लिटरला त्याने भागा. मळी-बगॅससाठी सहावा हिस्सा वजा केलात तर आमच्या १,५०० शी तुलना करता येईल.

मोजमाप तीन ठिकाणी फसते. एकदाच कार्तिकात मोजून तोच आकडा चैत्रात वापरला तर चुकते, कारण विहिरीची पातळी खाली गेली की पंप कमी पाणी फेकतो. दोन्ही वेळा मोजा. दिवसाचा आणि रात्रीचा वीजदाब वेगळा असतो, म्हणून ज्या वेळी पाणी देता त्याच वेळी मोजा. आणि हिशेबात पंपाच्या तोंडाशी नव्हे, शेताच्या टोकाशी मोजलेला आकडा धरा. दोन ठिकाणच्या आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तर वाटेत पाइपाचा सांधा गळतो आहे.

ठिबक असेल तर सुरुवात, मध्य आणि शेवट मिळून दहा तोट्यांखाली सहा मिनिटे भांडी ठेवा. तासाला दोन लिटरच्या तोटीखाली २०० मिली जमले पाहिजेत. शेवटच्या नळीच्या तोटीखाली १६० मिली आणि पहिलीखाली २०० असे आले तर आधी नळ्यांची टोके उघडून गाळ जाऊ द्या, गाळणी धुवा आणि मग पुन्हा मोजा. तरीही कमीच आले तर क्षार साचले आहेत, आम्लप्रक्रिया करावी लागेल.